सोन्याचा मार्क आणि चिंचेचा कोळ

नाणे कधीही घासू नये.

हे वाक्य मी ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगमधल्या एका नाण्यांच्या दुकानात, काउंटरमागे उभा राहून, जवळजवळ वीस वर्षे उच्चारले. त्यापूर्वी कोल्हापुरात नववीच्या वर्गाला ‘शून्याने कधीही भागू नये’ असे मी ज्या कळकळीने सांगत असे, त्याच कळकळीने. आणि फळही साधारण तेवढेच मिळाले. मुले शून्याने भागत राहिली, गिऱ्हाइके नाणी घासत राहिली. गेल्या हिवाळ्यात मी निवृत्त झालो, तेव्हा आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, “सर, सोन्याच्या धंद्यातले थरारक अनुभव लिहा.” थरारक म्हणावा असा अनुभव माझ्याकडे एकच आहे आणि त्यातला सगळा थरार मीच निर्माण केलेला आहे. तोच लिहितो.

आधी थोडी पार्श्वभूमी. माझी पत्नी वृषाली इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला लागली आणि तिच्या व्हिसाचा पदर धरून मी मागोमाग आलो. शाळेत शिकवण्यासाठी लागणारी इथली नोंदणी होता होईना. एका दुपारी वेळ जात नव्हता म्हणून एका आर्केडमधल्या नाण्यांच्या दुकानात शिरलो. दुकानाचा मालक ग्रेग एका गिऱ्हाइकाशी बोलत होता. काउंटरवर परदेशी चिल्लरीने भरलेला मोठा ट्रे होता. कोणतेही नाणे एक डॉलरला. वाट पाहता पाहता मी ती नाणी देशवार लावली आणि मग प्रत्येक देश सालवार लावू लागलो. ग्रेग मोकळा झाला तेव्हा मी पोर्तुगालपर्यंत पोहोचलो होतो. त्याने ट्रेकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

“मेट,” तो म्हणाला, “तुला नोकरी हवीय की डॉक्टर?”

प्रश्न सरळ होता. मी सरळ उत्तर दिले.

हा धंदा बाहेरच्या माणसाला समजण्यास फार कठीण नाही. सोन्याच्या नाण्याला दोन किमती असतात. पहिली धातूची, ती वजनावर ठरते आणि नाणे हातोड्याने ठोकले तरी बदलत नाही. दुसरी संग्राहकाची; ती नाण्याच्या पृष्ठभागावर, टाकसाळीतून बाहेर पडतानाचे जे कोवळे तेज असते त्यावर ठरते आणि एका बोटाच्या घामानेही घसरू शकते. म्हणून अशी नाणी पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत ठेवतात आणि काढलीच तर कडेला धरून काढतात. नाणे तपासण्याची माझी पद्धत ठरलेली होती: आधी वजन, मग व्यास, मग भिंग आणि सर्वांत शेवटी मत. ग्रेगची पद्धत वेगळी होती. तो आधी मत देई आणि गिऱ्हाईक गेल्यावर वजन करी. त्याचे मत सहसा बरोबर निघे, याचा मला कायम त्रास झाला.

आता त्या नाण्याविषयी. कृपया लक्ष द्यावे. पुढचे सगळे समजायला एवढे पुरेसे आहे.

युरो येणार हे नक्की झाल्यावर जर्मनीला आपल्या मार्कचा निरोप घ्यायचा होता. आपल्याकडे निवृत्त होणाऱ्या माणसाला शाल आणि श्रीफळ देतात. जर्मनांनी मार्कलाच सोन्याचा केला. २००१ साली त्यांच्या मध्यवर्ती बँकेने एक मार्कचे नाणे शुद्ध सोन्यात पाडले. व्यास तोच आणि चित्रेही तीच: एका बाजूला गरुड, दुसऱ्या बाजूला एकचा आकडा आणि ओकची पाने. लोकांच्या खिशातल्या मार्कपेक्षा हा तीन बाबतींत निराळा. रंग तर दिसतोच. साधा मार्क भरतो साडेपाच ग्रॅम, हा बारा. आणि साध्यावर गरुडाभोवती देशाचे नाव असते, याच्यावर बँकेचे. तिथल्या पाच टाकसाळींनी ही नाणी पाडली आणि प्रत्येकीने आपले अक्षर त्यावर उमटवले. हॅम्बुर्गचे अक्षर ‘जे’. दर्शनी किंमत मात्र एकच मार्क. म्हणजे दर्शनी किमतीच्या हिशेबाने बारा ग्रॅम सोन्याच्या बदल्यात जेमतेम अर्धा युरो यायचा. ही गंमत मी असंख्य गिऱ्हाइकांना सांगितली. हसले फार थोडे.

आमच्या शेजारच्या पोर्ट केम्ब्लाच्या पोलाद कारखान्यात एके काळी जर्मनीहून बरीच माणसे कामाला आली होती. त्यामुळे आमच्याकडे हे नाणे अधूनमधून येई. खरे कमी आणि मुलामा दिलेले साधे मार्कच अधिक. एकदा सिडनीहून ट्रेनने एक गृहस्थ तसलाच एक घेऊन आले. तराजूवर साडेपाच ग्रॅम भरले तेव्हाच खरे तर विषय संपला होता. पण उत्तर विद्यार्थ्याने स्वतः शोधले तरच ते टिकते, असा माझा जुना सिद्धांत. मी कागद घेतला आणि म्हणालो, “आपण घनतेपासून सुरुवात करू.”

“मेट, सोनं आहे की नाही?”

“त्या निष्कर्षाकडे आपण येतच आहोत.”

ते थांबले नाहीत. वर्तुळाचे क्षेत्रफळ काढून मी मान वर केली, तेव्हा कागदासमोर कोणीच नव्हते. नाणेही नव्हते. ग्रेग मागून म्हणाला, “तू त्याला समजावून समजावून दुकानाबाहेर काढलंस.” हे वाक्य त्याने मला इतक्या वेळा ऐकवले, की निवृत्तीच्या केकवर त्याने तेच क्रीमने लिहून आणले.

असो. मुख्य गोष्ट गेल्या वर्षीच्या नवरात्रातली.

सायली ही आमच्या मंडळातली मुलगी. इथल्या युनिमध्ये शिकायला आली, फिजिओथेरपिस्ट झाली आणि आता परमनंट रेसिडेंट आहे. लुकास नावाच्या मुलाशी तिचे लग्न ठरले. लुकासचे आजोबा त्या पोलाद कारखान्यातलेच. ते आता नाहीत, पण आजी आहे. तिचे नाव हेल्गा. घरात सगळे तिला जर्मन रिवाजाप्रमाणे ‘ओमा’ म्हणतात. साखरपुड्याला आम्ही दोघे गेलो होतो. ओमाने सर्वांसमोर पर्समधून एक डबी काढली आणि सायलीच्या हातात ठेवली. आत हॅम्बुर्गचा सोन्याचा मार्क होता. नवऱ्याच्या बहिणीने तो तिकडून पाठवला होता आणि ओमाने तो इतकी वर्षे डबीतून बाहेरसुद्धा काढला नव्हता. तिच्या दोन सुना तिथेच बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यांवरून हे नाणे त्यांनाही कधी हाताळायला मिळाले नव्हते, हे भिंगाशिवाय कळत होते.

त्यानंतर लग्नाच्या तयारीसाठी सायलीची आई, मंदाताई, कराडहून आल्या. आणि घटस्थापना झाल्यावरच्या मंगळवारी त्या मायलेकी आमच्या दुकानात उभ्या राहिल्या.

“काका, एक प्रॉब्लेम झालाय,” सायली म्हणाली. “प्लीज, आधी लेक्चर देऊ नका.”

तिने डबी पुढे केली. मी नाणे कडेला धरून बाहेर काढले आणि दिव्याखाली धरले. त्याच्या पृष्ठभागाची अवस्था शाळेच्या स्नेहसंमेलनानंतरच्या रंगमंचासारखी झाली होती.

“हे काय झालं?”

“काही नाही हो सर,” मंदाताई म्हणाल्या. “गरुड आहे बघा त्याच्यावर. विष्णूचं वाहन. म्हटलं, म्हातारीनं पोरीला लक्ष्मीचंच नाणं दिलंय. घटापाशी ठेवायला काढलं तर कडेला लाल डाग. तसलं कसं ठेवायचं देवाला? ताम्हन, समई घासत होते, त्यातच घेतलं घासून.”

“तो जर्मन राष्ट्राचा गरुड आहे,” मी म्हणालो. “राजचिन्ह.”

“मग राष्ट्राचा झाला म्हणून विष्णूचा राहिला नाही होय?”

मी पुढच्या मुद्द्यावर गेलो. “कशाने घासलंत?”

“चिंचेनं. आणखी कशानं?”

“नुसत्या चिंचेने?”

सायलीने मान खाली घातली. “स्क्रबर, काका. स्पंजची हिरवी बाजू.”

इथे न्यायाने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. चिंच निर्दोष आहे. चिंचेचा कोळ सोन्याचे काहीही वाकडे करू शकत नाही. पण शुद्ध सोने अतिशय मऊ असते, आणि त्या हिरव्या बाजूने करपलेली कढईसुद्धा वठणीवर येते. राहिले ते लाल डाग. शुद्ध सोन्याच्या नाण्यांवर ते कधीकधी येतात, आणि जाणते संग्राहक त्यांच्या वाटेला जात नाहीत. डाग मात्र गेला होता. मंदाताईंच्या दृष्टीने काम यशस्वी झाले होते.

“पॉलिश करून पहिल्यासारखं होईल ना?” सायलीने विचारले.

“नाही. पॉलिश म्हणजे आणखी घासणे. एकदा घासलेले नाणे हे कायमचे घासलेले नाणे.”

तिचे डोळे भरून आले. येत्या गुरुवारी लुकास ओमाला घेऊन दुकानात येणार होता. नाण्याचा इन्शुरन्स सायलीच्या नावावर करायचा, त्यासाठी आमच्याकडून मूल्यांकनाचे पत्र घ्यायचे, अशी ओमाचीच इच्छा होती.

“काका, तुम्ही फक्त वजन सांगा. सोनं खरं आहे म्हणून सांगा. स्क्रॅचेसबद्दल काही नको. तिला मोतीबिंदू आहे, तिला दिसत नाही. लुकासपण म्हणतो, ओमाला कळायलाच नको.”

“अगं, पण मी सांगते की त्यांना,” मंदाताई म्हणाल्या. “माझ्याकडून झालं, मी पाया पडते. बाईमाणूस आहे, समजून घेईल.”

“आई, प्लीज. तू काही बोलू नकोस तिथे. तुला इंग्लिशमध्ये नीट सांगता येणार नाही आणि उगाच वाढेल.” मग माझ्याकडे वळून ती हळूच म्हणाली, “त्या घरात माझं सगळ्यात जास्त ओमाशी जमतं, काका. बाकीचे नुसते पोलाइट आहेत. आईनं आल्या आल्या हे केलं म्हटल्यावर...”

मंदाताईंनी पदर सावरला आणि समोरच्या कपाटातल्या ऑस्ट्रेलियन पेनींकडे पाहत राहिल्या.

मी विचार केला. खोटे लिहून देणे शक्यच नव्हते. पण पत्रात फक्त धातूची किंमत द्यायची, तर त्यात असत्य काहीच नव्हते. “मी खोटे बोलणार नाही,” मी म्हणालो, “पण विचारल्याशिवाय बोलणारही नाही.”

“प्रॉमिस?”

“प्रॉमिस.”

ग्रेग मागे टपाल उघडत होता. त्याला मराठी येत नाही. तरी त्या मायलेकी गेल्यावर त्याने विचारले, “तू आत्ता कुठे तरी गप्प बसण्याचं कबूल केलंस का?” मी होय म्हणालो. तो नुसता शीळ वाजवत राहिला.

गुरुवारी सगळे आले. ओमा उंच, ताठ, काठीवर अगदी थोडा भार देणारी. लुकास तिच्या कोपराला हात लावून, सायली दुसऱ्या बाजूला, मंदाताई सर्वांच्या मागे. ओमा इंग्रजी ठाशीव बोलते, एकेक शब्द टेबलावर ठेवल्यासारखा. मी पद्धतशीर सुरुवात केली. वजन बारा ग्रॅम. व्यास योग्य. अक्षर ‘जे’, म्हणजे हॅम्बुर्ग. “ते मला ठाऊक आहे, मिस्टर राऊत,” ओमा म्हणाली, “मी तिथेच जन्मले.” सगळे हसले. पत्रावर मी सही केली. शाई वाळत होती. सायलीने सुटकेचा श्वास टाकलेला मी ऐकला. मला स्वतःच्या संयमाचे कौतुक वाटू लागले होते, आणि माझ्या आयुष्यात कौतुकानंतर जे येते तेच आले.

काउंटरवर आमची पाटी होती. ‘नाणी घासू नका’ एवढाच मजकूर, पण अक्षरे चांगली तळहाताएवढी. मीच आग्रहाने मोठी करून घेतली होती. मोतीबिंदूच्या माणसालाही वाचता येतील अशी. ओमाने तिच्यावर काठीने टकटक केले.

“हे का?” ती म्हणाली. “घाण चांगली असते?”

वीस वर्षांत कोणीही मला ‘का’ विचारले नव्हते.

पुढचे मी केले असे म्हणण्यापेक्षा ते माझ्याकडून झाले, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. मी म्हणालो की प्रश्न उत्तम आहे. मी पृष्ठभाग आणि तेज यांतला संबंध सांगितला. आणि मग, कोणताही शिक्षक उदाहरणासाठी हाताला जे सर्वांत जवळ असेल तेच उचलतो, या नियमाने मी तिचे नाणे उचलले.

“आता हे पाहा,” मी म्हणालो आणि नाणे दिव्याखाली तिरके केले. दिवा असलेले मोठे भिंग तिच्या बऱ्या डोळ्यासमोर धरले. “या रेषा दिसतात? सगळ्या कमानीसारख्या. म्हणजे हात गोल फिरला आहे. गरुडाच्या पंखाजवळची ही खोल रेघ. हे मऊ कापडाचे काम नव्हे, खरखरीत घासणीचे आहे. आणि हे अगदी अलीकडचे आहे, कारण ओरखड्यांच्या कडा अजून तीक्ष्ण आहेत. इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळते.”

शेवटचे वाक्य मी खरोखरच बोललो.

मग मी मान वर केली. सायली माझ्याकडे पाहत होती. माझ्या शाळेच्या काळात फळ्यावर स्वतःचाच निकाल चुकीचा लिहिलेला पाहणाऱ्या मुलीचा चेहरा मी एकदा पाहिला होता. हा तसा होता. लुकास छताकडे पाहत होता.

ओमा भिंगातून पाहतच होती. “अलीकडचे,” ती सावकाश म्हणाली. “माझ्याकडे असताना नव्हते.”

मग मागून मंदाताई पुढे आल्या. “आय,” त्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या. “आय वॉश. फॉर गॉड. सॉरी.”

ओमाने त्यांच्याकडे पाहिले नाही. तिने लुकासकडे पाहिले. “तुला माहीत होते?” मग सायलीकडे. “तुला?” दोघांनी होकारार्थी माना हलवल्या. तिने नाणे डबीत घातले, डबी स्वतःच्या पर्समध्ये ठेवली आणि पर्सचा खटका लावला. मूल्यांकनाचे पत्र काउंटरवरच राहिले. “मला घरी ने,” ती लुकासला म्हणाली.

दार बंद झाल्यावर ग्रेग मागच्या खोलीतून बाहेर आला. “मेट,” तो म्हणाला, “वीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तुझं शेवटपर्यंत ऐकलं.”

घरी वृषालीने सगळे ऐकून घेतले. कुकरची शिटी झाल्यावर तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, “अहो, तुम्हाला फक्त वजन सांगायला सांगितलं होतं.”

“तिने प्रश्न विचारला होता.”

“प्रश्न विचारला की उत्तर द्यायलाच पाहिजे, असं कुठं लिहिलंय?”

कुठे ते मला आठवेना. पण कुठेतरी असावे, अशी माझी खात्री होती. मी सायलीला फोन केला, तिने उचलला नाही. संध्याकाळी तिचा मेसेज आला: इट्स ओके काका. ते ओके नव्हते हे ओळखायला भिंग लागत नव्हते. मंडळाच्या भोंडल्याला ती आली नाही. मंदाताई आल्या, फेरही धरला, पण खिरापत ओळखायची वेळ आली तेव्हा एकही नाव सुचवले नाही. आईला गप्प बसायला सांगणारी मुलगी आणि परक्या देशात गप्प बसणारी आई, यांच्यामध्ये एक नाणे होते. आणि ते आता तिसऱ्याच बाईच्या पर्समध्ये होते. भरीला लग्नाच्या निमंत्रणपत्रिका छापायला गेलेल्या नाहीत, असेही कानावर आले. मी रात्रंदिवस त्या पाटीचा विचार करू लागलो. अक्षरे लहान ठेवायला हवी होती.

दसरा झाल्यावर एका सकाळी ओमा दुकानात आली. एकटी, बसने. लुकासला सांगितले आहे का, असे मी विचारले तर म्हणाली, “मी त्याला सांगावे असे काही नाही. तो तरी मला कुठे सांगतो?”

मी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

“डॉक्टर माझ्याशी बोलत नाही, माझ्या मुलाशी बोलतो. माझी गाडी विकायची, हे त्यांनी जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर ठरवले, आणि मला मीठ मागितले. मला वाटले, ही मुलगी तशी नाही. म्हणून ते नाणे तिला दिले. त्या दिवशी या दुकानात माझ्याभोवती सगळे जण उभे होते. सगळ्यांना माहीत होते. खरे बोलणारे तुम्ही एकटे. धन्यवाद द्यायला आले.”

तिने हात पुढे केला. वृषाली असती तर तिने मला तो निमूटपणे हातात घ्यायला लावला असता. पण वृषाली लॅबमध्ये होती.

“माफ करा,” मी म्हणालो, “यात एक दुरुस्ती आहे. मीही गप्प बसण्याचे वचन दिले होते. ते मी सत्यासाठी मोडले नाही. शिकवण्याच्या भरात विसरलो.”

ओमाचा हात तसाच राहिला. “विसरलात?”

“तुम्ही ‘का’ म्हणून विचारलेत. मला कोणी तसे विचारत नाही.”

ती माझ्याकडे पाहत राहिली आणि मग अशी काही हसली, की तिला काठी काउंटरला टेकवावी लागली. ग्रेग धावत बाहेर आला. त्याला वाटले कोणाला तरी फेफरे आले.

“आणि खरे आधी बोलायला निघाल्या होत्या त्या मंदाताई,” मी पुढे म्हणालो. दुरुस्ती अर्धवट सोडणे माझ्या स्वभावात नाही. “सायलीच्या आई. मंगळवारीच मला म्हणाल्या होत्या, मी सांगते. मुलीने सांगू दिले नाही. त्यांचे इंग्रजी चांगले नाही म्हणून.”

ओमाचे हसणे थांबले. आता ती खुर्चीवर बसली. “म्हणजे तिलाही कोणी बोलू देत नाही,” ती म्हणाली. मग तिने विचारले, “ते देवासाठी काय करतात? मला नीट समजावून सांगा, मिस्टर राऊत.”

आयुष्यात इतके मनापासूनचे आमंत्रण मला मिळाले नव्हते. मी घटस्थापनेपासून सुरुवात केली. लक्ष्मीपूजनापर्यंत आलो तेव्हा तिची बस निघून गेली होती. पुढचीही गेली. शेवटी ग्रेगने तिला गाडीने घरी सोडले आणि परतल्यावर म्हणाला, “ती म्हणते, तू छान बोलतोस. मी तिला काही सांगितलं नाही.”

लक्ष्मीपूजन सायलीच्या घरी होते. आम्हाला बोलावणे आले, ते ओमाच्या सांगण्यावरून, हे मागाहून कळले. इथे दिवाळी वसंतात येते आणि घड्याळे तासभर पुढे केलेली असतात, त्यामुळे पूजेला बसायची वेळ झाली तरी अंगणात लख्ख ऊन होते आणि पणत्या नुसत्याच मिणमिणत होत्या. केरसुणी मिळाली नव्हती, म्हणून मंदाताईंनी व्हॅक्यूम क्लीनरला हळदकुंकू लावले होते. सायली मला ‘या काका’ म्हणाली, पण नेहमीसारखी हसली नाही. ती दाराकडे पाहत होती.

ओमा लुकासबरोबर आली. सरळ स्वयंपाकघरात गेली, पर्स उघडली आणि डबी मंदाताईंच्या पुढे ओट्यावर ठेवली.

“वॉश,” ती म्हणाली.

मंदाताई दोन पावले मागे सरल्या. “नो, नो वॉश! सर अँग्री!” आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले.

“ओमा, यू डोन्ट हॅव टू,” सायली म्हणाली. “ओमा, आय शुड हॅव टोल्ड यू. आईला सांगायचं होतं. मीच तिला...”

“मला माहीत आहे,” ओमा म्हणाली. “यापुढे मला सगळे सांगायचे. वाईट असेल ते आधी.” मग मंदाताईंकडे वळून ती हळू, एकेक शब्द सुटा करीत म्हणाली, “माझ्याकडे हे इतकी वर्षे होते. मी हात लावला नाही. कोणाला लावू दिला नाही. मलाही दाखवा, कसे करतात.”

सायलीने आईला मराठीत सांगितले. सगळे, एक शब्दही न गाळता. मंदाताईंनी डोळे पुसले आणि चिंच भिजवलेली वाटी पुढे ओढली. मग दोघी थबकल्या, आणि सगळे स्वयंपाकघर माझ्याकडे पाहू लागले.

“मिस्टर राऊत,” ओमाने विचारले, “आता आणखी काही बिघडायचे शिल्लक आहे का?”

“तत्त्वतः आहे,” मी म्हणालो.

वृषालीने माझ्या पायावर पाय दिला.

ओमाने डबीतून नाणे काढले. कडेला धरून नव्हे, चांगले मुठीत धरून. मंदाताईंनी तिच्या बोटांना चिंचेचा कोळ लावला, तिचा हात आपल्या हातात घेतला आणि गोल फिरवायला शिकवले. हिरवी बाजू मात्र सायलीने हळूच नळामागे लपवली, हे मी कृतज्ञतेने पाहिले. तेवढ्यात ओमाने ती शोधून काढली.

मी डोळे मिटले.

तो आवाज मी ऐकला. बारीक, ओला आणि नियमित. मग नळ सुटला. मग कोणी तरी रडले आणि कोणी तरी हसले, आणि दोन्ही आवाज एकाच बाईचे असावेत. डोळे किलकिले करून पाहिले, तर ओमाने ते ओले नाणे सायलीच्या तळहातावर ठेवून तिची बोटे वरून मिटवली होती, आणि सायली तीच मूठ आईच्या गळ्यात टाकून उभी होती. नाणे बोटांच्या फटीतून लखलखत होते. संग्राहकाला झोप येणार नाही असे. मी पुन्हा डोळे घट्ट मिटले.

“बघा तरी,” मंदाताई शेजारणीला म्हणाल्या, “आरतीला अजून वेळ आहे आणि सर आत्ताच कसे तल्लीन झालेत!”

हे विधान वस्तुस्थितीला धरून नव्हते. ते दुरुस्त करावे म्हणून मी तोंड उघडले, आणि वृषालीने त्यात अख्खी करंजी घातली.